कापसाचा कायदा आणि आपलें कर्तव्य

वऱ्हाडांतील शेतकरी कापूस पिकवितो, पण त्याचा भाव दुसराच ठरवितो. हें पालटावें म्हणून पुसदचे आमदार कै. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असतां १९७१ सालीं कापूस खरेदीचा कायदा झाला. १९७२ पासून राज्यांतील कापूस सरकारनेंच घ्यावा, हमीचा भाव प्रथम द्यावा आणि पुढील विक्रींत नफा उरल्यास त्याचा वांटा शेतकऱ्यास मिळावा, अशी ती योजना होती.

हेतु उत्तम होता. परंतु बाहेर भाव चढला कीं आमचाच कापूस चोरवाटेनें सीमेपार जाई, आणि भाव पडला कीं सगळा माल केंद्रावर येई. तोटा वाढला, चुकारे रखडले. अखेर २००२ च्या सुमारास खासगी व्यापाऱ्यांस मोकळीक मिळून एकाधिकार संपुष्टांत आला.

दोष केवळ सरकारचा, असें म्हणून आम्हांस हात झटकतां येणार नाहींत. कायदा विधिमंडळांत होतो, पण तो टिकतो गांवाच्या एकीनें. म्हणून यवतमाळ जिल्ह्यांतील आमच्या वाचकांस विनंती आहे कीं, त्यांनीं पहिल्या वेचाचा कापूस निराळा ठेवावा, ओला व कवडीचा माल त्यांत मिसळूं नये, आणि गांवचा माल एकत्र करूनच भावाची बोलणी करावी. एका गाडीस व्यापारी भाव सांगतो. शंभर गाड्यांस त्याला तो विचारावा लागतो.