संगणकाचा धंदा आणि लोखंडी नांगर

मोठेपणीं काय करणार असें आमच्या विद्यार्थ्यांस विचारलें, तर हल्लीं पुष्कळ जण ‘संगणकाच्या कामांत जाणार’ असें उत्तर देतात. पालकांचीही इच्छा बहुधा तीच असते. म्हणून त्या धंद्यांत पुढें येण्यास काय लागतें, याचा थोडा विचार येथें करूं.

कोणतें काम कोणत्या क्रमानें करावें हें संगणकास सांगणाऱ्या आज्ञांचा जो संच, त्यास सॉफ्टवेअर म्हणतात. तो ज्या सांकेतिक भाषेंत लिहावयाचा, ती भाषा शिकतां येते. १९४७ सालीं निघालेलें सांगलीचें अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे आजचें वालचंद, तर आपल्या घराजवळच आहे. परंतु या भाषा कांहीं वर्षांनीं बदलतात, आणि एकीच्याच आधारावर बसून राहिलेला मनुष्य मागें पडतो.

सांगलीचा हळदीचा बाजार घ्या. एका अडत दुकानाचा हिशेब संगणकावर आणावयाचा आहे. वजनास भावानें गुणलें कीं झालें, असें समजणारा फसेल. पोत्याचें वजन किती वजा करावें? अडत, हमाली, तोलाई यांपैकीं कोणता खर्च कोणाच्या नांवें टाकावा? एकाच शेतकऱ्याचा माल दोन भावांनीं गेला, तर पट्टी एक कीं दोन? या प्रश्नांचीं उत्तरें दुकानाच्या दिवाणजींपाशीं असतात, आणि दिवाणजींस तर वाटत असतें कीं हें यंत्र आपली नोकरी खाणार! ते मोकळेपणानें बोलणार कसे? त्यांच्या वहीचा मान राखून, चार दिवस शेजारीं बसून विचारावें लागतें. नाहीं तर एक आज्ञा चुकते, तीच चूक प्रत्येक पट्टींत उतरते, आणि वर्षभर राबलेल्या शेतकऱ्याच्या पदरीं कमी पैसे पडतात.

संगणकाच्या पुष्कळ आधीं आपल्याच मुलुखांत असा प्रसंग आला होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) मुंबईस चित्रकला शिकावयास गेले. पण त्यांच्या डोळ्यांस रंगांतील भेद नीट कळेना, म्हणून ते यंत्रांच्या आकृतींकडे वळले. पुढें बेळगांवास त्यांनीं सायकलींचें दुकान चालविलें, नंतर कडबा कापण्याचीं यंत्रें केलीं आणि मग लोखंडी नांगर. नांगर उत्तम होता, पण घेईना कोणी! लोखंडानें जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती हंसण्यावारी नेणें सोपें होतें. पण हंसल्यानें नांगर खपत नाहीं. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनीं १९१० सालीं कुंडल स्टेशनाजवळ जागा दिली, तेथें किर्लोस्करवाडी वसली. औंध आज सातारा जिल्ह्यांत, वाडी सांगलींत.

कर्मवीर भाऊराव पाटील हेही कांहीं काळ हेच नांगर विकीत गांवोगांव फिरले, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. नांगर विकणाऱ्यास पारावर बसावें लागतें. पाऊस, कर्ज, मुलांचें शिक्षण, सगळें ऐकून घ्यावें लागतें. १९१९ सालीं कऱ्हाडजवळ काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हां ही फिरती त्यांस उपयोगी पडली असेल, असें आम्हांस वाटतें.

संगणक घरीं नसला तरी आरंभ करतां येतो. येत्या सुटींत ओळखीच्या एखाद्या अडत दुकानीं जाऊन एकच पट्टी शेवटच्या पैशापर्यंत समजून घ्यावी. सौद्याच्या वेळीं मात्र जाऊं नये, दिवाणजी रागावतील.