निळी पाल आणि केवड्याचे बन

पाल म्हटली की दिव्याजवळ किडे टिपणारी आणि अवेळी चुकचुकणारी घरातली पाल आपल्याला आठवते. आम्ही जिच्याविषयी सांगणार आहोत ती पाल मात्र टांझानिया देशातली. तेथे उलुगुरू पर्वताच्या पायथ्याशी किंबोझा नावाचे अवघे चारएक चौरस किलोमीटरचे रान आहे. त्या रानात आणि आसपासच्या थोड्या रानपट्ट्यांतच ती आढळते. बोटाएवढी लांबी, नर लख्ख निळा, मादी हिरवट. १९५२ साली आर्थर लव्हरिज यांनी शास्त्रात तिची नोंद केली.

ही पाल दिवसा हिंडते आणि राहते केवड्याच्या कुळातल्या एका झाडावर. त्याच्या लांब पानांच्या बेचक्यांत तिला आसरा मिळतो. तिच्या शेपटीच्या टोकाखालीही चिकटणारी गादी असते; त्यामुळे गुळगुळीत पानावरही ती घट्ट बसते. म्हणजे झाड गेले की पालीचे घरच गेले.

आणि झाडेच जाऊ लागली. निळ्या रंगाच्या मोहाने युरोप-अमेरिकेतले हौशी लोक तिला काचेच्या पेटीत पाळू लागले. डिसेंबर २००४ ते जुलै २००९ या काळात एकाच टोळीने निदान ३२ हजार पाली पकडल्या, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्या वेळच्या एकूण संख्येच्या हा सुमारे १५ टक्के भाग. शेंड्यावरची पाल हाती यावी म्हणून झाडच आडवे करीत. शिवाय लाकूडतोड आणि वणवे होतेच.

२०१२ साली ही जात अतिसंकटग्रस्त ठरली. २०१७ पासून रानातून धरलेल्या पालींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आहे. हे योग्यच झाले. परंतु कायदा झाला म्हणजे काम झाले, असे कामगार चळवळीत आम्ही कधी मानले नाही. कोयता चालवणाऱ्याला सारे दोष देतात. कोयता चालवायला लावणारी मागणी मात्र दूर शहरात, दिवाणखान्यात असते. बंदिवासात या पालीची वीण होऊ शकते. मग ग्राहकाने ती कोठून आली हे विचारल्यावाचून घेऊच नये. आणि रान उभे राहण्यात गावकऱ्याच्या पोटाची सोय असली पाहिजे. ती नसेल, तर चार चौरस किलोमीटरच्या रानालाही पहारेकरी पुरणार नाहीत.