जुनी बास गिटार : अस्सल किती, बदललेली किती?

वाद्यवृंदात ड्रमच्या जोडीने खर्जातले घुमणारे स्वर ऐकू येतात. ते बहुधा विद्युत् बास गिटारचे असतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी १९५१ साली 'प्रिसिजन बास' ही चार तारांची गिटार बाजारात आणली. १९६५ च्या आरंभी त्यांचा कारखाना सीबीएस या कंपनीकडे गेला. त्यापूर्वीच्या गिटारींना आज संग्राहक लाखो रुपये मोजतात.

समजा, एका दुकानदाराने अशी गिटार पुढे ठेवली आणि म्हटले, "ही १९६४ सालची, सर्व भाग मूळचे." खरे-खोटे कसे ठरवायचे? गिटारच्या धडावर मागे चार स्क्रूंनी बसवलेली धातूची पट्टी असते, तिच्यावर अनुक्रमांक असतो. पण चार स्क्रू काढले की ती पट्टी दुसऱ्या गिटारला बसते! म्हणून इतर साक्षीदार तपासावे लागतात.

आकड्यांची साक्ष

आवाज कमी-जास्त करणारे बटण फिरवले की आतला परिवर्ती रोध बदलतो. त्याच्या पाठीवर पुष्कळदा आकडे उमटवलेले असतात. उदाहरणार्थ, १३७६६३३. यातील १३७ हा सीटीएस या उत्पादकाचा क्रमांक, ६६ म्हणजे १९६६ साल आणि ३३ म्हणजे त्या वर्षाचा तेहतिसावा आठवडा.

१९६४ च्या म्हणवल्या जाणाऱ्या गिटारमध्ये हा भाग सापडला, तर दोनच शक्यता उरतात : भाग नंतर बदलला, किंवा गिटारच नंतरची. याउलट, १९६८ च्या गिटारमध्ये तो सापडला तर शंकेचे कारण नाही. कारखान्याने १९६६ साली हे भाग मोठ्या संख्येने घेतले आणि पुढे काही वर्षे वापरले. म्हणजे भागावरची तारीख फक्त इतकेच सांगते, की या भागासह गिटार त्याआधी तयार झालेली नाही. मात्र तो भाग कारखान्यातच बसवला होता का, हे तारीख सांगत नाही. त्यासाठी डाख पाहावा. मूळचा डाख सहसा जुना, मंद दिसतो. चकचकीत नवा डाख दिसला तर कोणीतरी तेथे हात घातला आहे.

तांब्याच्या तारेची साक्ष

तारांखाली असतो पिकअप. त्यात चुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि फॅराडे यांच्या नियमानुसार विद्युत्दाब निर्माण होतो. सर्वांत जाड तारेची वारंवारता सुमारे ४१ हर्ट्झ असते.

वेटोळे जळाले किंवा तुटले की कारागीर ते नव्याने गुंडाळतात. वेढे कमी पडले तर रोधही कमी भरतो. म्हणून खरेदीदार मल्टिमीटर लावतात. पण येथे घाई नको! तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांना १०,५०० ओहम असलेले वेटोळे ३५ अंशांना सुमारे ११,१०० ओहम दाखवील. म्हणून मोजमापाबरोबर तापमानही टिपावे. शिवाय, नव्याने गुंडाळलेले वेटोळेही मूळच्याइतकाच रोध देऊ शकते.

अतिनील प्रकाशाची साक्ष

त्या काळात नायट्रोसेल्युलोजचे लॅकर वापरीत. जुने लॅकर अतिनील दिव्याखाली अंधारात पिवळसर-हिरवे चमकते. नवा थर सहसा तसा चमकत नाही. बुजवलेली भोके आणि नंतर मारलेला रंग वेगळ्या डागांसारखा उठून दिसतो. (दिव्याकडे मात्र थेट पाहू नये.) सगळा रंग नवा असेल तर किंमत जवळजवळ निम्मी होते, असा व्यापाऱ्यांचा ठोकताळा आहे.

निकाल कसा द्यावा?

प्रत्येक बदल लबाडीचा नसतो. अनेक वादकांनी वेगळा आवाज हवा म्हणून पुलाजवळ दुसरा पिकअप बसवला. बदललेल्या खुंट्या परत काढता येतात; पण त्यासाठी लाकडात नवी भोके पाडली असतील किंवा पिकअपसाठी लाकूड कोरले असेल, तर ते भरून येत नाही. वादकाला अशी गिटार स्वस्तात उत्तम सूर देईल. संग्राहकाने मात्र ती अस्सलच्या भावात घेऊ नये.

एकच विसंगत खूण 'सर्व भाग मूळचे' हा दावा खोटा ठरवू शकते. पण एकच जुळणारी खूण तो खरा ठरवू शकत नाही. आकडे, डाख, रोध आणि लॅकर हे साक्षीदार एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. ते सारे एकच गोष्ट सांगू लागले, की आपला विश्वास वाढतो. प्रयोगशाळेतही आपण दुसरे काय करतो?

करून पाहा : विजेला न जोडलेल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याचा रोध सकाळी आणि भर दुपारी मोजा. फरकावरून तापमान किती वाढले ते काढा आणि तापमापीशी ताडून पाहा.