पंपाखालचे बारीक भोक



हंगाम तोंडावर आला की आमच्या ऊस विकास विभागाच्या पानावर बेणे, खोडवा आणि हुमणी यांचीच चर्चा असते. या वेळी विषय इंजिनाच्या पाण्याच्या पंपाचा घेतला आहे. तुमचा ऊस गव्हाणीपर्यंत आणतो तो ट्रॅक्टर, आणि त्याचे इंजिन थंड ठेवतो तो हा पंप. (जुने हवेवर थंड होणारे आयशर ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी हे पान उलटले तरी हरकत नाही!)

गणपतीत पनवेल तालुक्यातील उलवे येथे आक्काकडे गेलो होतो. दाजींनी उभा जन्म मुंबईत काळी-पिवळी चालवली. मुंबईच्या रस्त्यावरून फियाट टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली, पण दाजींनी एक खाजगी पद्मिनी जपून ठेवली आहे. ही गाडी आपल्या धंद्याला तशी परकी नाही. रावळगाव आणि वालचंदनगर येथे साखर कारखाने उभारणारे शेठ वालचंद हिराचंद यांच्याच पुढाकाराने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स निघाली. (कारखाने खाजगी बरे का, सहकारी नव्हेत.) तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागली व १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. इंजिन १०८९ सीसीचे, मूळ आराखडा १९३७ सालचा.

दाजी म्हणाले, "पाव्हणं, रोज सकाळी अर्धा तांब्या पाणी घालतोय. खाली एक थेंब दिसत नाही. मग जातंय कुठं?" दसऱ्याला हीच गाडी घेऊन आक्का आणि नातवासह गावी यायचे त्यांनी ठरवले होते, म्हणजे बोरघाट चढायचा. घाटात पाणी संपून इंजिन तापले तर अॅल्युमिनियमचे हेड वाकते, आणि मग खर्चाला अंत नाही.

इंजिन थंड होते. पंखा हातात धरून पुढेमागे हलवला तर दांडीसकट डुगडुगला. टॉर्च लावून पंपाखाली बघितले, तर तिथले बारीक भोक कुणीतरी एम-सील लावून बुजवलेले!

आता हे भोक कशासाठी असते ते सांगतो. विहिरीवरच्या पंपाच्या ग्लँडमधून थोडे पाणी ठिबकलेच पाहिजे, हे तुम्हाला ठाऊक आहे. ग्लँड कोरडी आवळली की दांडी जळते. गाडीच्या पंपाचे उलट आहे. तिथे दोरीऐवजी कार्बनचे सील असते आणि ते ठिबकता कामा नये. सील झिजलेच, तर पाणी बेअरिंगमध्ये शिरण्याआधी बाहेर पडावे म्हणून सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये हे भोक ठेवतात. तिथून पाणी आले की पंप बदलायची वेळ झाली समजावे. भोक बुजवले, गळती दिसेनाशी झाली, आणि पाणी शिरले बेअरिंगमध्ये. ग्रीस धुऊन गेले. पुढून जे पाणी निसटत होते ते पंख्याच्या वाऱ्यात उडून गरम इंजिनावर वाळून जात होते. अजून महिनाभर गाडी तशीच चालली असती तर पंखा रेडिएटरमध्ये घुसला असता.

दाजी कुर्ल्याच्या बाजारातून नवा पंप आणि गॅस्केट घेऊन आले. रात्रीच सगळ्या बोल्टांना गंज सोडवणारे तेल मारून ठेवले. जुन्या गाडीत घाईने पाना मारला आणि बोल्ट आत तुटला, तर तासाच्या कामाला दोन दिवस लागतात. सकाळी रेडिएटरचे पाणी सोडले, डायनॅमो सैल करून पट्टा काढला, मग पंखा, नळी आणि शेवटी पंप. बोल्ट लहानमोठे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर पंपाचे चित्र काढून ज्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवले. जुने गॅस्केट खरवडायला मात्र सर्वांत जास्त वेळ गेला. तिथे ओरखडा पडला की नवा पंपही गळतो. नवा पंप हाताने फिरवून बघितला, मग बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले. पट्टा अंगठ्याने दाबल्यावर साधारण अर्धा इंच दबेल इतकाच ताणला. जास्त ताणला तर नवे बेअरिंगही लवकर जाते.

पाणी भरताना दाजी बादली घेऊन निघाले, त्यांना थांबवले. बोअरच्या पाण्याने ठिबकच्या नळ्यांत क्षार कसे साचतात ते आपण पाहतोच, रेडिएटरमध्ये तेच होते. ट्रॅक्टरच्या बाबतीत ही चूक आपल्याकडे सर्रास होते. शुद्ध केलेले पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे घातले. थंड इंजिन टोपण उघडे ठेवूनच चालू केले, म्हणजे आतली हवा निघून जाते. पाणी खाली बसले तशी भर घातली आणि मग टोपण लावले. इंजिन तापल्यावर त्या टोपणाला हात लावू नये, उकळते पाणी तोंडावर येते.

बामणडोंगरी स्टेशनापर्यंत फेरी मारून आलो. दाजींनी टॉर्च घेऊन भोक पाहिले, कोरडे होते.

दसऱ्याला गाडी घाट चढून आमच्या दारात आली. काटा मध्याच्या वर गेला नाही म्हणाले. आक्का मात्र चिडलेली होती, कारण वाटेत दोनदा थांबून दाजींनी बॉनेट उघडून तेच भोक पाहिले होते.