सदाफुलीच्या विकरांतून नव्या औषधांची वाट

सोसायटीच्या बागेत, कुंडीत, अगदी भिंतीच्या फटीतही बारमाही फुलणारी सदाफुली मूळची मादागास्करची. कर्करोगावरील व्हिन्ब्लास्टीन आणि व्हिन्क्रिस्टीन ही औषधे याच वनस्पतीने दिली. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिन्क्रिस्टीन अनेक दशके वापरले जात आहे. मात्र पानांतील प्रमाण इतके अल्प, की एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टीनसाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात.

हे गुंतागुंतीचे रेणू वनस्पती सुमारे ३० टप्प्यांत घडवते. प्रत्येक टप्प्याचे काम विशिष्ट विकर, म्हणजेच एन्झाइम, करते. ‘स्ट्रिक्टोसिडीन सिंथेज’ हे त्यांपैकी कळीचे विकर. ट्रिप्टामाइन आणि सेकोलोगॅनिन हे दोन रेणू ते जोडते आणि त्यातूनच पुढे सदाफुलीतील शंभराहून अधिक अल्कलॉइड तयार होतात.

हे विकर मोठे चोखंदळ असते. किंचित वेगळा कच्चा माल दिला तरी ते अनेकदा नाकारते. रेणूला क्लोरिनचा एक अणू जोडल्यानेही औषधाचा परिणाम बदलू शकतो. त्यामुळे हा चोखंदळपणा संशोधकांसमोरील अडसर ठरतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये सारा ओ’कॉनर यांच्या गटाने विकराच्या रचनेतच बदल केला. २००९ मध्ये बदललेले विकर सदाफुलीच्या मुळांत बसवण्यात आले. २०१० मध्ये मातीतील जिवाणूंची क्लोरिन जोडणारी विकरेही त्यांत आणली गेली. परिणामी, निसर्गात सदाफुली कधीही बनवत नाही असे क्लोरिनयुक्त अल्कलॉइड त्या मुळांत तयार झाले.

२०२२ मध्ये याच्या पुढचे पाऊल पडले. डेन्मार्कमधील जे कीसलिंग आणि सहकाऱ्यांनी वनस्पतींची ३४ जनुके यीस्टमध्ये घालून व्हिन्ब्लास्टीनचे दोन मूळ घटक मिळवले. उत्पादन अत्यल्प होते; परंतु शेताऐवजी किण्वनाच्या टाकीतही हे घटक बनू शकतात, हे त्यातून सिद्ध झाले.

अर्थात, नवा रेणू म्हणजे नवे औषध नव्हे. पेशी, प्राणी आणि अखेरीस रुग्णांवरील चाचण्यांत बहुतांश रेणू गळतात. या प्रयोगांमुळे चाचणीसाठी हाती येणाऱ्या रेणूंची संख्या मात्र वाढते.

आणखी एक खबरदारी. सदाफुलीची पाने घरच्या घरी चघळणे हा कर्करोगावरील उपचार नव्हे. तिच्यातील अल्कलॉइड विषारी असतात. म्हणूनच रुग्णालयात त्यांची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजून दिली जाते.