बारा लाख, सहा टक्के आणि मार्चमधली पॉलिसी

फेब्रुवारी सरत आला की विमा एजंटांचे फोन सुरू होतात. "टॅक्स वाचवायचाय ना? एकतीस मार्चच्या आत चेक देऊन टाका." चेक दिला की पुढची पंधरा-वीस वर्षं हप्ता मानगुटीवर बसतो. कर किती वाचतो? नव्या करप्रणालीत असाल तर एक रुपयाही नाही. 2023-24 या आर्थिक वर्षापासून नवी प्रणालीच आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर ती मुद्दाम निवडावी लागते. विम्याचा हप्ता, पीपीएफ, मुलांची ट्यूशन फी यांची दीड लाखांची वजावट फक्त जुन्या प्रणालीत मिळते. विमा जरूर घ्यावा, पण तो मागे राहणाऱ्या माणसांसाठी.

"आमचं गृहकर्ज आहे, आम्हाला जुनीच परवडते," हेही ठासून सांगितलं जातं. आकडे मांडून बघा. पगार 15 लाख. गृहकर्जाचं व्याज 2 लाख, पीपीएफ वगैरे दीड लाख, मेडिक्लेम 25 हजार आणि प्रमाणित वजावट 50 हजार, म्हणजे एकूण सव्वाचार लाख वजा. जुन्या प्रणालीत सेससह कर येतो 1,40,400 रुपये. नव्यात 75 हजारांच्या प्रमाणित वजावटीखेरीज काहीही वजा न करता 2025-26 च्या दरांनी तो 97,500 रुपये होतो. या पगाराला जुनी प्रणाली फायद्याची ठरायला वजावटींची बेरीज 5 लाख 94 हजारांच्या आसपास जावी लागते. मुंबई-पुण्यात मोठं घरभाडं भरून घरभाडे भत्त्याची सूट घेणारे काहीजण तिथवर पोचतात, बाकीचे सवयीने जुन्यातच राहतात. पगारदाराला दरवर्षी प्रणाली बदलता येते. धंदेवाल्याचं तसं नाही: जुनी निवडून एकदा नव्यात परतलात की धंदा चालू आहे तोवर पुन्हा जुन्याकडे जाता येत नाही.

सगळ्यात मोठा गोंधळ मात्र बारा लाखांचा. "बारा लाखांपर्यंत करमुक्त, मग रिटर्न कशाला?" नव्या प्रणालीत करमुक्त मर्यादा 4 लाखांची आहे. त्यापुढे कर लागतो आणि उत्पन्न 12 लाखांच्या आत असेल तर 60 हजारांपर्यंतचा तो कर रिबेट म्हणून माफ होतो. म्हणून 4 लाखांच्या वर उत्पन्न असलेल्याने कर शून्य आला तरी रिटर्न भरायचंच. शिवाय शेअर्सवरच्या भांडवली नफ्यासारख्या, खास दराने कर लागणाऱ्या उत्पन्नाला हा रिबेट मिळत नाही. समजा, निवृत्त गृहस्थांचं पेन्शन 9 लाख आणि वर्षाच्या आत विकलेल्या शेअर्सवरचा नफा 2 लाख. बेरीज बाराच्या आत असल्यामुळे ते निर्धास्त असतात, पण नफ्यावर 20 टक्के कर आणि सेस मिळून 41,600 रुपये भरावेच लागतात.

याच्या उलट टोकाची भीतीही ऐकू येते: बारा लाखांवर रुपया गेला की साठ हजार गेले. तसं होत नाही. उत्पन्न 12 लाख 10 हजार असेल तर हिशेबाने कर 61,500 येतो, पण बारा लाखांवर जेवढं उत्पन्न तेवढाच, म्हणजे 10 हजार आणि सेस, इतकाच घेतला जातो. ही सवलत साधारण 12 लाख 70 हजारांपर्यंत चालते.

दुकानदारांमध्ये वेगळीच अफवा आहे: यूपीआयने पैसे घेतले की टॅक्स लागतो. जुलै 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा बंगळुरात दुकानांवर 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. मर्यादा उलाढालीवर असते, मग पैसे फोनवरून येवोत की गल्ल्यात पडोत. महाराष्ट्रात मालाची विक्री वर्षाला 40 लाखांच्या आणि सेवा 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. नुसता ताजा भाजीपाला विकणाऱ्याला ती लागत नाही, कारण त्या मालावर जीएसटीच नाही.

आयकरात तर रोखच महाग पडते. 2 कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या व्यावसायिकाला अंदाजित नफ्यावर कर भरता येतो: बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर किमान 6 टक्के, रोखीच्या विक्रीवर 8. एखाद्या हार्डवेअरच्या दुकानाची उलाढाल 90 लाख असेल, त्यातले 60 यूपीआयचे आणि 30 रोखीचे, तर नफा धरायचा 3.60 अधिक 2.40, म्हणजे 6 लाख. सगळी विक्री यूपीआयने असती तर 5.40 लाखांवर भागलं असतं. दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या प्रणालीत कर शून्य, रिटर्न मात्र सक्तीचं.

या योजनेत वह्या ठेवायची सक्ती नाही, म्हणून काहीजण बिलं रद्दीत घालतात. जीएसटीसाठी ती लागतातच. दुसरे काहीजण सहा टक्के काढून त्यातून पुन्हा गाळ्याचं भाडं आणि नोकरांचा पगार वजा करायला बघतात. ते खर्च त्या टक्क्यांत धरलेलेच आहेत. योजना घेतल्यावर पाच वर्षांच्या आत कधी कमी नफा दाखवलात, तर पुढची पाच वर्षं तिचं दार बंद, आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेवर असेल तर ऑडिटही मागे लागतं. कमिशनवर चालणाऱ्यांना, म्हणजे विमा एजंट आणि दलालांना, ही योजना मुळातच नाही. आणि अनेक वर्षं कमीत कमी नफा दाखवणाऱ्याला खरी अडचण बँकेत कळते. दुकान महिन्याला लाखभर मिळवून देत असलं तरी गृहकर्ज मंजूर करताना अधिकारी रिटर्नमधले सहा लाखच धरतो.

राहता राहिली बायकोच्या नावावरची एफडी. बायकोला दिलेल्या पैशांवर कर नाही, हे खरं. पण त्या ठेवीचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. सुनेच्या नावाने ठेवली तरी ते सासऱ्याच्या उत्पन्नात येतं. आईवडिलांना किंवा सज्ञान मुलाला दिली तर मात्र व्याज त्यांचं, आणि कर लागलाच तर तोही त्यांनीच भरायचा.