पुण्याची मंडई आणि जुन्या कागदांचें वाचन

ऐतिहासिक स्थळें पाहावयास निघालेला प्रवासी पुण्यांत शनवारवाडा पाहतो, पर्वतीवर जातो, विश्रामबागवाड्याचें कोरीव काम मान वर करून न्याहाळतो, आणि मंडईंतून जातांना मात्र पिशवी सांभाळीत घाईनें बाहेर पडतो. ज्यास जुने कागद वाचावयाचे आहेत त्यानें तरी असें करूं नये. बखरींत व राजकीय पत्रव्यवहारांत क्वचितच येणारा शब्दसंग्रह तेथें रोज सकाळीं उघड्यावर मांडलेला असतो. त्याचा उपयोग लेखांचें वय ठरविण्याच्या कामीं कसा होतो, हें दाखविणें एवढाच या टिपणाचा हेतु आहे.

प्रथम स्थलाविषयीं थोडें. हल्लींची दगडी इमारत १८८६ सालीं पुरी झाली. तत्पूर्वीं भाजीबाजार शनवारवाड्यासमोरच्या पटांगणांत भरत असे. १७३० सालीं ज्याचा पाया घातला गेला व १८२८ च्या आगींत जो जळाला, त्या वाड्याच्या दरवाजासमोर माळणी पाट्या मांडून बसत. शुक्रवार पेठेंतील नव्या इमारतीस मुंबईचे तेव्हांचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव देण्यांत आलें. मध्यें अष्टकोनी मनोरा व त्याभोंवतीं पसरलेले पाखे, असा तिचा घाट आहे. तो सर्वस्वीं विलायती. आंत उंच ओट्यांवर बसलेला विक्रेता व खालीं उभें गिऱ्हाईक, ही मांडणी मात्र आपल्या कोणत्याही पेठेंतील दुकानाची आहे.

या इमारतीवरील खर्चास नगरपालिकेंतील एका सभासदानें विरोध केला होता. ते जोतीराव फुले. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असें त्यांचें म्हणणें होतें. ते स्वतः माळ्याच्या कुळांतले, व ‘फुले’ हें आडनांवच फुलांच्या व्यवसायावरून पडलेलें. तेव्हां बाजार कशास म्हणतात हें त्यांस इतर सभासदांनीं शिकविण्याची गरज नव्हती. पुढें आचार्य अत्रे नगरपालिकेंत असतां त्यांच्या पुढाकारानें या इमारतीस फुल्यांचें नांव मिळालें. ज्या वास्तूस ज्यानें विरोध केला तिजवर त्याचेंच नांव, ही गोष्ट पाटीवरून कोणास कळणार नाहीं. पाटी वाचून इतिहास लिहिणारांनीं हें उदाहरण लक्षांत ठेवावें.

घाऊक व्यापार आतां गुलटेकडीच्या बाजार आवारांत गेला आहे. मंडईंत राहिली ती किरकोळ विक्री. २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी रेल्वेचें स्थानकही जवळच झालें आहे, त्यामुळें परगांवच्या माणसास पोंचणें सोपें. शक्य तर संक्रांतीच्या आदल्या दिवशीं, म्हणजे भोगीस, किंवा ऋषिपंचमीच्या सुमारास जावें. त्या दिवसांत एरवीं न दिसणाऱ्या भाज्या एकत्र दिसतात.

आतां मुख्य विषय. मंडईंतील नांवें कानांवर पडूं लागलीं कीं त्यांचे दोन थर ध्यानांत येतात. मुळा (मूलक), काकडी (कर्कटी), पडवळ (पटोल), कारलें (कारवेल्ल), सुरण (सूरण), आलें (आर्द्रक), कोथिंबीर (कुस्तुम्बुरु) हीं संस्कृतांतून प्राकृताच्या वाटेनें आपणांकडे आलेलीं; त्यांचा मुक्काम येथें जुना. दुसरा थर बटाटा, कोबी, अननस, पपई, पेरू, काजू यांचा; हीं नांवें पोर्तुगीजांच्या तोंडून आलीं. येथवर निकाल सोपा आहे. खरी अडचण ज्या वस्तु नव्या असून नांवें मात्र जुनीं घेऊन बसल्या आहेत त्यांची आहे.

मिरची हें त्यांतलें पहिलें उदाहरण. संस्कृत ‘मरिच’ म्हणजे काळें मिरें. मिरची ही अमेरिकेंतील वनस्पति. ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकांत या किनाऱ्यास लागली, आणि तिखटपणाच्या साम्यानें तिनें मिऱ्याचें नांव उचललें. चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासांत (इ. स. ११३० च्या सुमाराचा ग्रंथ) पाकक्रिया पुष्कळ आहेत, त्यांतील ‘मरिच’ शब्दाचें भाषांतर ‘मिरची’ असें करणें म्हणजे राजाच्या ताटांत चारशें वर्षें आधीं परदेशी पदार्थ वाढणें होय. तसेंच ‘कूष्माण्ड’ शब्दाचें. तो आपला कोहळा. पाठशाळेंतल्या सवयीनें त्याचा अर्थ नुसता ‘भोपळा’ असा सांगतात, आणि वाचणारास मंडईंतला तांबडा भोपळा आठवतो. तो अमेरिकेचा, दुध्या भोपळा निराळा, व तो ‘अलाबु’ या नांवानें आपल्या ग्रंथांत जुना आहे. एका मराठी शब्दाखालीं अशीं तीन फळें नांदतात. तीं तिन्ही एकदां शेजारीं शेजारीं ठेवलेलीं पाहिलीं म्हणजे कोशाची गरज राहत नाहीं.

बटाट्याच्या बाबतींत उलट सावधगिरी पाहिजे. ‘बटाटा’ हा शब्द मुळांत राताळ्याचा. म्हणून सतराव्या शतकांतील एखाद्या युरोपीय प्रवाशानें हिंदुस्थानांत हा पदार्थ खाल्ल्याचें लिहिलें असलें, तर तें बहुधा राताळें समजावें. आजचा बटाटा दक्षिणेंत सर्वत्र रुळण्यास पुष्कळ अवकाश लागला. सीताफळ व रामफळ यांच्या नांवांवरून तीं रामायणकालीन ठरवूं पाहणारे लोक अजून भेटतात. भारहूतच्या शिल्पांत सीताफळ दिसतें असें कनिंगहॅम यांस वाटलें होतें खरें, परंतु तें अनुमान वादग्रस्त आहे. केवळ नांवावर भिस्त ठेवून कांहीं सिद्ध होत नाहीं.

प्रसंगानें आणखी एक गोष्ट. एकादशीस आपण कांदा-लसूण कटाक्षानें वर्ज्य करितों. आणि ताटांत बटाटा, राताळें, साबूदाणा, शेंगदाणे व हिरवी मिरची घेतों. यांतील एकही जिन्नस ज्ञानेश्वरांच्या काळीं महाराष्ट्रांत नव्हता. ऋषिपंचमीस बैलाच्या कष्टाचें खावयाचें नाहीं असा नियम. त्या भाजींत मक्याचें कणीस व तांबडा भोपळा हटकून पडतात. ऋषींनीं मका पाहिला असणें शक्य नाहीं. धर्मशास्त्राचा यांत उपहास नाहीं. आचार नव्या वस्तूस किती लवकर पोटांत घेतो याचा हा पुरावा आहे, व तो पोथ्यांहून स्पष्ट आहे.

संग्राहकास याचा उपयोग असा. एखादी यादी, पाकाचें बाड किंवा देवस्थानच्या नैवेद्याचें टांचण यादवकालीन म्हणून समोर आलें व त्यांत मिरची किंवा तांबडा भोपळा निघाला, तर संशय घ्यावा. परंतु कागद लागलीच खोटा म्हणून टाकूं नये. नक्कल करणारा लेखक ‘मिरें’ या जागीं आपल्या घरांतली ‘मिरची’ लिहून जातो. तेव्हां त्या शब्दावरून नकलेचा काळ ठरतो, मूळ रचनेचा नव्हे. त्याच ग्रंथाची दुसरी प्रत मिळवून तेवढेंच स्थळ ताडून पाहावें. उलट, मिरची नाहीं म्हणून कागद जुना, हेंही बरोबर नाहीं; तांदूळ व तूप यांच्या हिशेबांत मिरची येण्याचें कारणच काय?

मापांची गोष्ट याहून बिकट आहे. धान्याच्या कोष्टकांत दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण व वीस मणांची खंडी, हें आमच्या पिढीनें लहानपणीं घोकलें. १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें आलीं व १९५८ पासून त्यांचा अंमल सुरू झाला. तरी मंडईंत आजही ‘पावशेर द्या’ म्हणतात आणि पदरांत अडीचशें ग्रॅम पडतात. ऐंशीं तोळ्यांच्या शेराचा पाव भरतो सुमारें दोनशें तेहतीस ग्रॅम. म्हणजे शब्द जुना राहिला व वजन बदललें. पूर्वींही असेंच होत असलें पाहिजे. कच्चा शेर, पक्का शेर, वजनी शेर, मापी शेर हे भेद न पाहतां एका गांवच्या कागदांतील भाव दुसऱ्या गांवच्या भावाशीं ताडून स्वस्ताई-महागाईचे सिद्धान्त काढलेले वाचनांत येतात. त्यांवर विश्वास ठेवण्यास आम्ही तयार नाहीं.

भाव ठरविण्याच्या रीतींपैकीं कित्येक कागदावर कधींच उतरल्या नाहींत. फडक्याखालीं बोटें धरून सौदा करण्याचा ‘हत्ता’ नियंत्रित बाजारांत बंद झाला. दलालांची सांकेतिक नंदभाषा, जींत एकास ‘केवली’ व दोहोंस ‘अवारू’ म्हणत, ती जाणणारीं माणसें थोडीं उरलीं आहेत. अशा एखाद्या वृद्ध व्यापाऱ्याची गांठ पडल्यास पोथीच्या किंमतीची घासाघीस बाजूस ठेवून त्याचे शब्द आधीं उतरून घ्यावे, आणि त्याचें मूळ गांव व व्यापाराचा जिन्नसही जोडीस लिहावा.

जुनीं लाकडी व पितळी मापें हल्लीं मोडीच्या भावानें विकलीं जातात. असें मापटें किंवा पायली हातीं आल्यास तिजवर शिक्का आहे कीं नाहीं तें प्रथम पाहावें. मग ती जोंधळ्यानें सपाट भरून तोलावी, शीग लावून पुन्हा तोलावी, व दोन्ही वजनें ज्या गांवाहून तें माप आलें त्या गांवाच्या नांवासह वहींत नोंदावीं. त्याच गांवचे जमाखर्चाचे कागद पुढें कधीं मिळाले, तर त्यांतील मण प्रत्यक्षांत किती होता हें त्या नोंदीवरून सांगतां येईल.